शाळा सुधार आराखडा पहिल्यांदाच करताय? कागदावरून वर्गात कसा उतरवायचा ते बघू

नव्यानेच मुख्याध्यापक झालेल्यांसाठी, किंवा "यंदाचा आराखडा तुम्हीच करा हं" असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय. माझा स्वतःचा पहिला आराखडा ३८ पानांचा होता. स्पायरल बाइंडिंग, कव्हरवर शाळेचा फोटो, आत ११ उद्दिष्टं आणि प्रत्येकाखाली पाच-सहा उपक्रम. वर्षाच्या शेवटी कपाट आवरताना तो हाताला लागला तेव्हा त्यात काय लिहिलंय ते मलाच आठवत नव्हतं, आणि ज्यांनी तो राबवायचा होता त्यातल्या निम्म्या शिक्षकांनी तो उघडलासुद्धा नव्हता. त्यांना काय बोलणार, तो वाचायला लिहिलेलाच नव्हता, दाखवायला लिहिला होता.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये. पैसा, खोल्या, कॉम्प्युटर हे कुठे कमी कुठे जास्त असतंच, पण खरी टंचाई असते ती शिक्षकांच्या मोकळ्या तासांची, आणि ज्या आराखड्यात या तासांचा हिशोब नाही तो आराखडा नाही, ती नुसती इच्छांची यादी. खाली जे सांगतोय ते सगळं फिरून फिरून इथेच येणार आहे.

स्ट्रॅटेजिक आणि ऑपरेशनल, म्हणजे नक्की काय

शब्दांना घाबरू नका. स्ट्रॅटेजिक प्लॅन म्हणजे पुढच्या तीन ते पाच वर्षांत शाळा कुठे न्यायची आणि त्यासाठी कशाच्या मागे लागायचं *नाही* हे ठरवणं. ऑपरेशनल प्लॅन म्हणजे यंदा, या सत्रात, या आठवड्यात कोण काय करणार. पहिला दोन पानांत मावला पाहिजे, दुसरा स्टाफरूमच्या भिंतीवर. बऱ्याच ठिकाणी दोन्हीची खिचडी होते, म्हणजे "विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे" आणि "ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप बसवणे" एकाच तक्त्यात एकाखाली एक. मग काय होतं, कुलूप बसतं आणि दृष्टिकोन राहतो.

व्हिजन-मिशनच्या वाक्यांवर फार वेळ घालवू नका हे माझं स्पष्ट मत. काही शाळा त्यावर महिना काढतात. एक साधी चाचणी आहे, वाक्य लिहून झालं की त्याच्या उलट वाक्य कुठली शाळा म्हणेल का ते बघा. "विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास" याच्या उलट कोणीच म्हणणार नाही, म्हणजे त्यात काहीच निवडलेलं नाही. "पुढची तीन वर्षं आम्ही स्पर्धांपेक्षा वाचनाला जास्त वेळ देणार" यावर मात्र मीटिंगमध्ये भांडण होईल. झालं तर चांगलंच, निवड झाल्याची ती खूण.

"घरची परिस्थितीच अशी आहे तर शाळा काय करणार" असं म्हणणारे कोणीतरी त्या मीटिंगमध्ये असतंच. हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालाने मोठी खळबळ उडवली होती, मुलांच्या निकालातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जुळतो असं त्यातून पुढे आलं. त्यानंतर रॉन एडमंड्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी गरीब वस्त्यांमधल्या पण मुलं नीट शिकत असलेल्या शाळा शोधून काढल्या आणि तिथे काय वेगळं चालतं ते बघितलं, १९७९ मध्ये त्यांनी ते मांडलं: ठाम नेतृत्व, सगळ्याच मुलांकडून अपेक्षा, शांत आणि शिस्तीचं वातावरण, मूलभूत कौशल्यांवर भर, आणि मुलं कुठवर आलीत याची वारंवार तपासणी. यात महागडं काही नाही, नीट बघा. म्हणजे घराचा परिणाम मोठा असतो हे खरं, आणि शाळेच्या हातात काहीच नसतं हे खोटं.

पायरी १: लिहायच्या आधी बघा

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक जण उलटं करतात, उपक्रम आधी ठरवतात आणि मग त्याला शोभेल अशी समस्या शोधतात.

समजा सहावीचा गणिताचा निकाल वाईट आहे. पहिला विचार काय येतो? जादा तास. थांबा. उत्तरपत्रिका काढा आणि एकूण मार्क न बघता प्रश्नवार बघा. समजा असं दिसलं की बेरीज-वजाबाकी-गुणाकार नुसते दिले तर मुलं बरी करतायत, पण शाब्दिक उदाहरणांत गळपटतायत. आता एकच उदाहरण घ्या: "राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती?" उत्तर ७. पण बरीच मुलं १७ लिहितात, कारण "जास्त" शब्द दिसला की बेरीज करायची हे त्यांनी कधीतरी पाठ केलंय. आता पाच-सहा मुलांना जवळ बसवा आणि म्हणा की उदाहरण वाच आणि तुझ्या शब्दांत सांग काय चाललंय. दहा मिनिटांत कळेल की अडचण वजाबाकीची नाहीच, वाक्य समजण्याची आहे. म्हणजे गणिताचे जादा तास लावले असते तर मुलांनी अजून शंभर वजाबाक्या केल्या असत्या आणि पुढच्या परीक्षेत परत १७ लिहिलं असतं!

"का?" हा प्रश्न चार-पाच वेळा लागोपाठ विचारायची पद्धत जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात रुजली, तीच इथे कामाला येते. १७ का लिहिलं? शब्द बघून क्रिया निवडली. शब्द बघून का? कारण वर्गात आपणच "जास्त म्हणजे बेरीज" असं शिकवलं. तसं का शिकवलं? कारण पोर्शन उरकायचा होता. पोर्शन उरकायची घाई का? कारण गेल्या सत्रात १४ तासिका इतर कार्यक्रमांत गेल्या. बघा, सुरुवात मुलाच्या चुकीपासून झाली आणि पोचलो वेळापत्रकावर. फक्त एक पथ्य पाळा, "का"ची साखळी कुठल्या माणसावर जाऊन थांबली, "कारण अमुक सर नीट शिकवत नाहीत", तर ती अर्धवट राहिली असं समजा आणि अजून एकदा विचारा.

काय काय बघायचं: वर्गवार आणि महिनावार हजेरी, प्रश्नवार निकाल, प्रत्येक वर्गातल्या सरसकट पाच वह्या (हुशार मुलांच्या निवडून नको), आणि मुलांशी बोलणं. पालकांना लांबलचक फॉर्म देऊ नका, तीन प्रश्न पुरे. या सगळ्याला तीन आठवडे ठेवा, त्याहून जास्त नको, माहिती गोळा करणं हासुद्धा काम टाळायचा एक मस्त मार्ग आहे.

पायरी २: निवडा, आणि तासांचा हिशोब मांडा

सापडलेल्या दहा-बारा अडचणींतून यंदासाठी दोन घ्या. फारच उत्साह असेल तर तीन. "पण बाकीच्याही महत्त्वाच्या आहेत ना" असं होणारच, आहेतच महत्त्वाच्या, म्हणून तर हा हिशोब.

समजा १२ शिक्षक आहेत आणि शिकवणं, वह्या तपासणं, नेहमीचं कागदकाम वजा जाता प्रत्येकाकडे आठवड्याला एक तास सुधारणेच्या कामासाठी निघतो. वर्षात ४० आठवडे शाळा धरली, त्यातले १० परीक्षा आणि कार्यक्रमांत गेले, राहिले ३०. म्हणजे सगळ्यांचे मिळून ३६० तास. हेच तुमचं बजेट.

आता फक्त एकच काम घ्या, शाब्दिक उदाहरणं शिकवण्याची पद्धत बदलणं. सगळ्यांनी एकत्र बसून शिकायला प्रत्येकी ६ तास, झाले ७२. प्रत्येकाने वर्षात तीनदा दुसऱ्याच्या वर्गात बसून तासिका बघायची, ३६ तास. प्रत्येक वेळी नंतर दोघांनी अर्धा तास बोलायचं, ते आणखी ३६. मुलांचं काम तपासून चुकांचे गट पाडायला प्रत्येकी ८ तास, ९६. एकूण २४० तास. राहिले १२०. म्हणजे नीट केलं तर वर्षाला दीड काम होतं. माझ्या त्या ३८ पानी आराखड्यात ११ उद्दिष्टं होती, आता हसा.

म्हणून प्रत्येक नव्या कामासमोर "हे सुरू करण्यासाठी काय बंद करणार" हा रकाना हवाच. दर आठवड्याची ती माहिती-वाचनाची मीटिंग बंद करा, जी सूचना मेसेजवर जाऊ शकते ती जाऊ दे. एकच माहिती तीन रजिस्टरमध्ये लिहितो ती एकात लिहा. वरून मागितलेले कागद बंद करता येत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण आपणच आपल्यावर लादलेली कामं शोधलीत तर बरीच सापडतील.

पायरी ३: उद्दिष्ट असं लिहा की वर्षाअखेर खोटं बोलता येऊ नये

स्मार्ट (SMART) उद्दिष्टांबद्दल तुम्ही कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये ऐकलंच असेल, उद्दिष्ट कसं असावं हे सांगणाऱ्या पाच इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. गंमत अशी आहे की १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी हे मांडलं तेव्हा त्यातल्या ए या अक्षराचा अर्थ आज सांगतात तसा "साध्य होण्याजोगं" असा नव्हता, "कोणाला तरी नेमून देता येईल असं" हा होता. पुढे कधीतरी तो बदलला आणि नेमकी शाळेला सगळ्यात गरजेची गोष्टच गळून पडली.

"गणिताचा दर्जा उंचावणे" असं लिहू नका. असं लिहा: सहावीतल्या मुलांना तुलनेची १० शाब्दिक उदाहरणं दिली तर निदान ७ बरोबर सोडवणारी मुलं आत्ता ४० पैकी ११ आहेत, दुसऱ्या सत्राअखेर ती २४ झाली पाहिजेत, आणि हे बघण्याची जबाबदारी गणिताच्या अमुक शिक्षकांची. यातला "आत्ता ११" हा आकडा सगळ्यात मोलाचा. तो काम सुरू करायच्या आधी मोजा, नाहीतर मग मार्चमध्ये धावपळ करून सुरुवातीची स्थिती शोधायची म्हणजे वरातीमागून घोडं.

आकड्याच्या फार प्रेमातही पडू नका. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, त्याचा मथितार्थ शाळेला तंतोतंत लागू पडतो: मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही. फक्त ती १० उदाहरणंच घोटून घेतली तर २४ काय, ३८ मुलंही पास होतील. म्हणून उदाहरणं दर वेळी नवी, आणि जोडीला एक वेगळा पुरावा ठेवा, उदाहरणार्थ मुलाने उदाहरण स्वतःच्या शब्दांत सांगणं.

अजून एक, वर्षाअखेरच्या आकड्यासोबत दर महिन्याला दिसेल अशी एखादी खूणही ठेवा. किती वर्गांत या महिन्यात मुलांनी उदाहरण आधी चित्र काढून मांडलं? ही संख्या शून्य असेल तर अखेरच्या निकालाची वाट बघण्यात काही अर्थ नाही, काम सुरूच झालेलं नाही.

पायरी ४: ऑपरेशनल तक्ता

रकाने सहाच: काम, कोण, कधीपर्यंत, किती तास, झालं हे कशावरून कळेल, यासाठी काय बंद.

"कोण" या रकान्यात एकच नाव. "सर्व शिक्षक" नाही, "समिती" नाही, "अमुक सर / तमुक मॅडम" पण नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं दोन नावांचं काम. मदतीला कितीही जण घ्या, विचारायचं कोणाला ते एकच माणूस. आणि प्रत्येक ओळीत मुख्याध्यापकांचं नाव येत असेल तर तो तक्ता पुन्हा नव्याने करा.

"कधीपर्यंत" भरायच्या आधी कॅलेंडर घ्या आणि त्यावर परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन, सहली, तपासण्या हे सगळं लाल पेनाने मारून टाका. मग जी पांढरी जागा उरेल तेवढंच वर्ष. सगळ्या कामांना "वर्षभर" असं लिहिलेले तक्ते मी खूप पाहिलेत, वर्षभर म्हणजे कधीच नाही.

आणि ट्रेनिंग हे एकटंच काम म्हणून लिहू नका. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून शिक्षक प्रशिक्षणावर जे काम केलं त्याचा रोख हाच होता की नुसतं ऐकून किंवा प्रात्यक्षिक बघून पद्धत वर्गात फारशी उतरत नाही, कोणीतरी सोबत राहून, करून बघून, परत परत बोलून ती उतरते. म्हणून वरच्या हिशोबात वर्गात बसण्याचे आणि बोलण्याचे मिळून ७२ तास धरलेत, शिकण्याइतकेच. ते कापले की उरतं फक्त प्रमाणपत्र.

पैशाचं थोडक्यात: ज्या कामाला पैसे लागतात त्यासमोर रक्कम आणि ती कुठून येणार हे लिहा, येणार की नाही नक्की नसेल तर ते काम पैसे आले नाहीत तर कसं करणार तेही लिहा. बस.

पायरी ५: आराखडा फसलाय असं समजा

हे मला फार आवडतं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी प्री-मॉर्टेम नावाची एक पद्धत २००७ मध्ये लोकांपुढे आणली. तक्ता तयार झाला की सगळ्यांना सांगायचं, "डोळ्यांसमोर आणा, वर्ष संपलंय आणि आपला आराखडा साफ फसलाय. का फसला ते प्रत्येकाने पाच मिनिटांत चिठ्ठीवर लिहा." नाव नको. "काही अडचण आहे का?" असं विचारलं तर सगळे गप्प बसतात, कोणाला नकारात्मक दिसायचं नसतं. पण फसलंच आहे म्हटल्यावर कारणं सांगणं हाच हुशारीचा भाग होतो आणि लोक खुलतात. एका चिठ्ठीवर निघालं होतं, "ज्या मॅडमच्या जिवावर हे सगळं आहे त्यांची बदली झाली." पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांच्यासोबत अजून एकाला जोडलं. आणि एका चिठ्ठीवर "मुख्याध्यापकांना नवीन काहीतरी सुचलं" असं होतं. अक्षर ओळखीचं होतं, पण बोललो नाही, कारण खरंच होतं ते.

पायरी ६: लहान करून बघा

बाराही वर्गांत एकदम सुरू करू नका. दोन वर्ग, तीन आठवडे. कामाची गुणवत्ता कशी सुधारायची हे शिकवणारे अमेरिकी तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग, ज्यांची १९५० मधली जपानमधली व्याख्यानं गाजली, ते योजना-कृती-अभ्यास-बदल हे चक्र शिकवायचे आणि तिसऱ्या पायरीला नुसती "तपासणी" म्हणण्यापेक्षा "अभ्यास" म्हणणं त्यांना जास्त योग्य वाटायचं. तपासणी म्हणजे झालं की नाही यावर टिक. अभ्यास म्हणजे आपल्याला वाटलं होतं तसं झालं का, नसेल तर आपलं काय चुकलं. मुलांना चित्र काढायला सांगितलं आणि ती अर्धी तासिका गोट्या रंगवण्यात गेली असं दिसलं तर ठीक आहे, पुढच्या आठवड्यात चित्राऐवजी नुसत्या पट्ट्या काढायला सांगा. दोन वर्गांत हे कळणं स्वस्त पडतं.

पायरी ७: आढावा, आणि आकड्यांशी जपून

दर सहा आठवड्यांनी ४० मिनिटं, तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेली, काहीही झालं तरी ढकलायची नाही. भिंतीवरचा तक्ता समोर घ्यायचा, प्रत्येक ओळीला झालं, अडलं, सोडून दिलं यातलं एक. "चालू आहे" हे उत्तर चालणार नाही. अडलेल्या ओळींवरच बोलायचं. सोडून देणं हा अपराध नाही, पण ते लिहून ठेवायचं की का सोडलं.

सुरुवातीला परिस्थिती थोडी बिघडेल. कॅनडाचे शिक्षणतज्ज्ञ मायकेल फुलन यांनी याला अंमलबजावणीतली घसरण असं म्हटलंय, नवी पद्धत अजून हातात बसलेली नसते आणि जुनी सुटलेली असते, त्यामुळे शिक्षक अडखळतात. पहिल्या आढाव्यातच "हे काही आपल्या मुलांना जमत नाही" असा सूर लागतो. नेमक्या याच टप्प्यावर बऱ्याच शाळा पुढचा उपक्रम सुरू करतात, आणि दर वर्षी फक्त घसरणच अनुभवतात.

उलट बाजूनेही फसायला होतं. वर्गात २० मुलं असतील तर एक मूल म्हणजे ५ टक्के. दोन मुलं शाळा सोडून गेली किंवा परीक्षेला आजारी पडली तर निकाल १० टक्के हलतो, त्यात कोणाचं कौतुक नको की कोणाला बोल नको. आणि सगळ्यात वाईट निकालाचा वर्ग निवडून तिथे काही केलं की पुढच्या वेळी थोडी सुधारणा दिसतेच, अगदी काही नाही केलं तरी बऱ्याचदा दिसते, कारण टोकाचे आकडे पुढच्या मोजणीत सरासरीकडे सरकतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना १८८६ मध्येच हे मांडलं होतं. म्हणून निदान तीन मोजण्या एका दिशेला गेल्याशिवाय पेढे नकोत, आणि त्या दरम्यान वह्या बघत राहा, वही सहसा फसवत नाही.

वर्ष संपलं की स्ट्रॅटेजिकची ती दोन पानं काढा, दिशा तीच ठेवायची का ते बघा, बहुतेक ठेवावीच लागते, आणि नवा तक्ता करा. अर्धवट राहिलेलं काम पहिल्या ओळीत, नवीन त्याखाली.

आणि पहिली मीटिंग कशी घ्यायची असं विचाराल तर अजेंडा छापू नका, प्रेझेंटेशन नको. सहावीच्या १५ वह्या आणा, दोन-दोन शिक्षकांत वाटा, वीस मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, फक्त मुलं नेमकं काय चुकलीयत ते बघायचं आणि एका कागदावर लिहायचं. मग ते कागद टेबलवर मांडा.